एकतीस मे

शाळेच्या साठ कुलपांच्या किल्ल्या माझ्या कमरेला.
त्यातली एकही ब्लँचर्डबाईंच्या गाडीला लागत नाही.

पहाटे पावणेसातला त्या येतात.
इंजिन बंद. दिवे बंद.
आणि बसून राहतात,
दोन्ही हात स्टिअरिंगवर,
जणू रस्ता अजून संपलेलाच नाही.
नऊ मिनिटं. कधी चौदा.
जानेवारीत काच आतून धुरकटते,
मग बोटानं पुसलेलं एक भोक दिसतं
आणि त्यातून शाळेकडे बघणारा डोळा.

मी पायऱ्यांवरच्या बर्फावर मीठ पसरत असतो.
मान वर करत नाही.
कुणी बघतंय असं कळलं
तर तेवढीही जागा त्यांना उरायची नाही.

ग्रिम्सबीच्या धक्क्यावर बोटी होत्या तेव्हा
माझा बाप जाळी दुरुस्त करायचा. म्हणायचा,
जाळं माशांनी नाही फाटत,
रोज त्याच टोकाला ओढून फाटतं.

चौदा नंबरच्या खोलीत छत गळतं.
शाळेच्या दोन बादल्या, तिसरी पिवळी, ती बाईंची.
गोंदाच्या कांड्याही त्यांच्याच, पेन्सिलीही.
कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यावर 'बक्षीस' असं लिहिलंय,
म्हणजे काइरनसारख्या पोराला
भूक लागली म्हणावं लागत नाही,
एखादं उत्तर बरोबर आलं की पुरे.
आणि सकाळच्या पहिल्या तासाला
काइरनचं उत्तर नेहमीच बरोबर येतं.

विज्ञानाचे तिघं गेल्या वर्षी सोडून गेले.
दारांवरची त्यांची नावं मीच ब्लेडनं खरवडली.
पण डिंक राहतो.
त्यावर धूळ बसत जाते,
आणि चार महिन्यांनी नाव पुन्हा वाचता येतं.

एका बुधवारी मनःस्वास्थ्य शिकवायला कुणी आलं.
ऐंशी खुर्च्या मांडल्या मी.
चार मोजत श्वास आत, चार मोजत बाहेर.
मागच्या रांगेत ब्लँचर्डबाई
श्वास घेता घेता मांडीवरच्या वह्या तपासत होत्या,
दर चार आकड्यांना एक पान.
शिबिर लांबलं. घरी जायला सर्वांना सात वाजले.

राजीनाम्याची मुदत एकतीस मे.
ती चुकली की नाताळपर्यंत सुटका नाही.
सुट्टीआधीच्या शुक्रवारी, सगळे गेल्यावर,
बाई माझ्याकडे आल्या.
घसा इतका बसलेला
की शब्द आधी ओठांवरच दिसले:
मुख्याध्यापकांची खोली जरा उघडता का?

उघडली.
दारातून आत, गालिच्यावर, एक पांढरं पाकीट.
सकाळी फटीतून सरकवलेलं असणार.
त्यावर बुटाचा ठसा. आख्खा, टाचेसकट.
दिवसभर सर आत आले, बाहेर गेले,
तेही धावतच असतात,
त्यांना खाली बघायला कुठली फुरसत.

बाई हसल्या.
या वर्षात पहिल्यांदाच ऐकलं मी ते,
खोकल्यासारखं सुरू झालं
आणि बराच वेळ थांबेना.
मग खाली बसून त्यांनी
बाहीनं तो ठसा पुसला. पुसला गेला नाही.

मी खिडकीच्या कड्या तपासायला वळलो.
प्रत्येक कडी दोनदा तपासली.
पाठीमागून त्या म्हणाल्या, लावा आता.
लावलं.
पाकीट टेबलावर गेलं की त्यांच्या पर्समध्ये,
मी पाहिलं नाही.
मीठ पसरता पसरता शिकलोय मी एवढं.

सुट्टीनंतरचा सोमवार.
जायचं असलं तरी जुलैपर्यंत यायचंच,
राहायचं असलं तरी यायचंच,
गाडी दोन्हीला सारखीच उभी राहते.
पावणेसात. इंजिन बंद.
हल्ली उजेड लवकर होतो, काच स्वच्छ असते,
आणि पसरायला मीठही नसतं माझ्या हातात.

म्हणून मी आत गेलो,
चौदा नंबरमध्ये,
आठवडाभराचं पाणी धरलेली
पिवळी बादली रिकामी केली
आणि होती तिथंच परत ठेवली.

अकरा मिनिटांनी
जिन्यावर त्यांची पावलं वाजली.